काच बदलली, दोन्ही स्टिकर गेले

मानपूरच्या घाटात पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि समोरच्या काचेला तडा गेला. इंदूरला घरी येईपर्यंत तडा पार दुसऱ्या टोकाला पोचला. नवी काच विम्यातून बसली, त्यात काही अडलं नाही. डोकं खाल्लं ते काचेवरच्या दोन स्टिकरांनी. फास्टॅग आणि नंबरप्लेटचा 'तिसरा स्टिकर' (पुढची-मागची प्लेट या दोन, हा तिसरा), दोन्ही सोलायला गेलं की फाटतात. एका गाडीचा काढून दुसरीला लावता येऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे बनवलेले असतात.

हा तिसरा स्टिकर बऱ्याच जणांच्या गावीही नसतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना तो हाय सिक्युरिटी प्लेटबरोबरच मिळतो आणि काचेच्या आतून डाव्या कोपऱ्यात लागतो. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या निकषाची गाडी असेल तर वर हिरवी पट्टी.

शोरूमवाल्याचं पहिलं उत्तर, "भिया, पूरा सेट ही लेना पड़ेगा." प्लेटा धडधाकट असताना पूर्ण सेट कशाला? मी हटून बसलो, तेव्हा आरसीची प्रत आणि दोन्ही प्लेटांचे फोटो द्या, नुसता स्टिकर मागवू, यावर गाडी आली. स्टिकरवर त्या प्लेटांचे लेसरने कोरलेले नंबर छापलेले असतात, म्हणून फोटोत ते वाचता आले पाहिजेत. मागच्या प्लेटवर चिखल असा वाळला होता की जुन्या टूथब्रशने घासल्यावर कुठे आकडे दिसले.

फास्टॅगचं काम बँकेच्या अॅपवरून झालं. 'टॅग खराब' निवडून आरसी आणि गाडीचा समोरून फोटो टाकला. मात्र टॅग यायच्या आतच धुळ्याला आत्याकडे जावं लागलं. १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमाने तेव्हा चालू टॅग नसेल तर रोखीत दुप्पट, यूपीआयने सव्वापट टोल होता. मी अर्थात यूपीआयनेच भरला.

नवा टॅग आला तेव्हा बाबा म्हणाले, "चिकटवतोस कशाला? डॅशबोर्डवर ठेव, टोलवर हातात धरून दाखवू. पुन्हा काच फुटली तर टॅग तरी वाचेल!" तर्क बिनतोड, पण असे सुटे टॅग ब्लॅकलिस्ट होतात. आरशामागे मधोमध काच स्पिरिटने पुसली, कोरडी केली आणि आतून दाबून बसवला. टॅगमध्ये बॅटरी नसते, टोलवरच्या रीडरच्या लहरींवरच तो चालतो. म्हणून उष्णता अडवणारी, धातूचा थर असलेली काच असेल तर टॅगची जागा काच बसवणाऱ्यालाच विचारावी. भलत्या जागी लावला तर वाचलाच जात नाही.

शोरूमचा स्टिकर मात्र फोनवर फोन केल्यावर आला. काच बसल्यावर ऑर्डर दिली की असं होतं. विम्याचा सर्व्हेयर येऊन गेला की त्याच दिवशी दोन्ही मागवावेत.