त्या सातचे काय करायचे?

माझ्या रायफलची काही काडतुसे उडत नाहीत, अशी तक्रार मी ती बनवणाऱ्या कंपनीकडे केली होती. तिचे उत्तर आज आले, आणि ते इतके नम्र आहे की त्यावर धड रागावताही येत नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद, दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार आणि त्याखाली प्रश्नांची रांग: लॉट नंबर, म्हणजे मालाच्या खेपेचा क्रमांक, कोणता, खोकी कुठे ठेवली होती, रायफल कोणत्या बनावटीची, काडतूस बसते ते चेंबर शेवटचे कधी साफ केले, आणि काडतुसावर आदळणारी फायरिंग पिन जाणकाराकडून तपासून घेतली आहे का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्याच पत्रात सविस्तर दिले होते. जी काडतुसे उडाली नाहीत ती, नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबल्यावर, बाहेर काढली आणि थोडी फिरवून पुन्हा भरली, तेव्हा त्यांतली बहुतेक व्यवस्थित उडाली. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे 0.22 इंची, काडतुसात प्रायमरचा, म्हणजे ठिणगी पाडणारा, मसाला तळाच्या पोकळ कडेत असतो. ओला मसाला रिकाम्या पुंगळीत घालून ती वेगाने फिरवली की तो कडेत सगळीकडे पसरतो, पण पसरताना एखादी जागा रिकामी राहिली आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर काहीच होत नाही. पिनेची खूणही मी भिंगाखाली पाहिली होती. न उडालेल्या काडतुसांवर ती उडालेल्यांइतकीच खोल आणि स्वच्छ आहे. हे सारे लिहूनही त्यांचा प्रश्न पिनेचाच.

खरे म्हणजे मिसफायरचे, म्हणजे न उडालेल्या काडतुसांचे, मला फारसे काही वाटत नाही, कारण ते निदान दिसतात. मला छळतो आहे तो निवड चाचणीतला एक सात, म्हणजे दहापैकी सातच गुण मिळालेली गोळी.

तो प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून मारताना, गेला. स्टँडिंगमध्ये, उभ्याने, सात गेला असता तर मी निमूटपणे पुढची गोळी भरली असती, पण प्रोनमध्ये, रायफल हाताशी बांधणारी स्लिंग घट्ट असताना, श्वास थांबलेला असताना आणि ट्रिगर सुटतानाही साइटची रिंग लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती सारखी दिसत असताना सात जात नाही. आवाज बसका आला, ओल्या फटाक्यासारखा, आणि खांद्याला नेहमीचा हलका धक्काही जाणवला नाही. आधी वाटले गोळी नळीतच अडकली, पण मॉनिटरवर ठिपका उमटला: मधोमध, घड्याळातल्या बरोबर सहाच्या दिशेला, खाली. उजवी-डावीकडे तसूभरही फरक नव्हता. घरी येऊन मी हिशेब केला. गोळीचा वेग एक दशांशाने घटला, तर ती पन्नास मीटरवर जवळजवळ तीन सेंटीमीटर खाली लागते, आणि तिथेच साताची रिंग आहे. 10.4 मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळासाठी आम्ही सगळे आयुष्य पणाला लावतो, त्यात तीन सेंटीमीटर!

पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पात्रता फेरीत 600 पैकी 590 गुण मिळवले, आणि तेवढ्यावर तो सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत शिरला. साठ गोळ्यांत फक्त दहा गुणांची तूट. माझ्या निवड चाचणीत एकट्या त्या गोळीने तीन गुण नेले. मी काही स्वप्नील नाही, हे मला कोणी सांगायला नको, पण तीन गुण म्हणजे किती, हे बालेवाडीच्या कोणत्याही फायरिंग पॉइंटवर विचारून पाहावे. वर्षभर पहाटे उठायचे, सणवार सोडायचे, आईची बोलणी खायची, आणि शेवटी निकाल लागायचा तो परदेशातल्या एका यंत्राने पुंगळीत किती मसाला घातला यावर! असे मनात आले की रडू येते, काल आलेही.

कंपनी म्हणते, सदोष नमुने तपासणीसाठी पाठवा, त्या लॉटमधली उरलेली काडतुसे वापरू नका, दोष सिद्ध झाल्यास बदली माल देऊ. टपालखाते स्फोटके घेत नाही, आणि कुरिअरवाल्याने ‘काडतूस’ हा शब्द ऐकताच माझे नाव-पत्ता विचारायला सुरुवात केली, म्हणून मी फोन ठेवला. राहिला डीलर, तो ‘बघू, मॅडम’ म्हणाला. उरलेली खोकी कपाटात कुलूपबंद आहेत, परवान्यावर त्यांची खरेदी चढलेली आहे, आणि ती माझीच असूनही मी ती झाडू शकत नाही.

पण समजा, नमुने पोहोचले. न उडालेले काडतूस ते कापून पाहतील, कडेत मसाला नाही हे मान्य करतील. सात मात्र उडाला होता. मॅटशेजारच्या ढिगात त्याची पुंगळी इतर पुंगळ्यांसारखीच पडली होती, आणि ती कोणती हे मला तेव्हाही सांगता आले नसते. उडालेल्या गोळीची तक्रार करायला पुरावा उरत नाही, फक्त गुण उरतात, आणि ते माझ्या नावावर.

माझ्या प्रशिक्षक सरांना सांगितले. त्यांनी पत्र वाचले आणि म्हणाले, “पिन तपासली का?” मला हसूच फुटले. गोळीला दोष देणारा नेमबाज सुधारत नाही, हे त्यांचे ठरलेले वाक्य मी इतक्या वर्षांत मुकाट्याने ऐकत आले आहे, आणि ते शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा खरेही असते. त्या एका वेळेसाठी मात्र त्यांच्याकडेही काही नाही आणि ग्राहक सेवेकडेही नाही. दोघांचाही पहिला संशय माझ्यावर, म्हणजे कंपनीला मराठी येत नाही एवढाच काय तो फरक.

शूटिंग डायरीत आठ किंवा त्याखालच्या प्रत्येक गोळीपुढे कारण लिहायचे, हा सरांचा नियम. त्या रकान्यात मी आज ‘लॉट’ असे लिहिले आहे आणि खोडणार नाही. सरांनी पाहिले तर पाहू दे.

पिन उद्या आर्मररकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, तपासून घेते, म्हणजे तो प्रश्न तरी संपेल. मग फोटो, लॉट नंबर आणि त्याचा दाखला असे सगळे एकत्र पाठवीन. सातबद्दलचा परिच्छेदही पत्रात राहू देणार आहे. त्याला येणारे उत्तर मला आत्ताच पाठ आहे, खेदापासून आभारापर्यंत.