न धावलेली फेरारी

आजची अख्खी दुपार राळेगावात मेकॅनिकच्या टपरीवर गेली. ट्रॅक्टरचं ऑइल सील गेलेलं, पोरगा नवीन आणायला यवतमाळला पाठवलेला. बसल्या बसल्या मोबाइलवर विक्रीला आलेल्या एका फेरारी एफ५०चे फोटो दिसले.

१९९५ ते १९९७ या काळात कंपनीनं ही गाडी फक्त ३४९ नग बनवली. ३५० खपतील असा अंदाज होता, म्हणून मुद्दाम एक कमी! (आमच्या कापसाचं नेमकं उलटं होतं, असो.) ४.७ लिटरचं, बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन, तेही १९९०च्या फॉर्म्युला वन गाडीच्या इंजिनावरून बेतलेलं. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) नाही. पॉवर स्टिअरिंग तर आमच्या ट्रॅक्टरलाही आहे.

जाहिरातीचा सारा भर मात्र एकाच गोष्टीवर, गाडी जवळपास चाललेलीच नाही. संग्राहक त्याचेच कोट्यवधी मोजतात. मेकॅनिकभाऊंना दाखवलं. बराच वेळ झूम करून पाहिलं त्यांनी.

"चालवलीच नाही? मंग रबर सारं कडक झालं असन बाप्पा. सील, होज, टायर. उभ्या गाडीचं पहिले हेच जाते."

पटलं. टायर नवा दिसला तरी वयानं पकड सोडतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. मला विचाराल तर थोडी फिरवलेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग झालेली गाडीच बरी. विचारतंय कोण म्हणा!

अशा गाड्यांची किंमत सांगितली तर भाऊ पाना खाली ठेवून म्हणाले, "एवढ्यात त साऱ्या शिवाराले ठिबक बसन ना भाऊ."