पॅनलवरचे आकडे आणि फिल्टरचा कागद

जुलैतली अमावास्या. दोन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. मुंबईत ट्रॉम्बेच्या बाजूला खाडीकाठी आमचा आरओ प्लांट आहे, म्हणजे दाबाने पाणी बारीक पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) ढकलून मीठ वेगळं करणारा. खाडीचं खारं पाणी उचलायचं, गोडं करून बॉयलरच्या लाइनला द्यायचं. मी शिफ्ट केमिस्ट, त्या आठवड्यात रात्रपाळीला होतो.

दोन वाजता पॅनलसमोर बसलो तर आकडे बघून बरं वाटलं. फीडची, म्हणजे प्लांटमध्ये येणाऱ्या पाण्याची, कंडक्टिव्हिटी (यावरून खारटपणा कळतो) एरवी 48,000 च्या आसपास असते, ती 36,000 वर आली होती. पावसाचं पाणी खाडीत उतरलं होतं ना! समुद्राच्या पाण्याचा ऑस्मॉटिक दाब, म्हणजे मिठामुळे पाणी मागे धरून ठेवणारा दाब, साधारण 27 बार. त्याच्यावर मात केल्याशिवाय मेम्ब्रेनपलीकडे थेंब जात नाही, आणि पुढे पुढे रिजेक्टचा (मागे उरणाऱ्या पाण्याचा) खारटपणा वाढतो म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट दाब द्यावा लागतो. पाण्यातलं मीठ कमी झालं की हा सगळा हिशोब हलका होतो. आमचा एचपी (हाय प्रेशर) पंप 56 बारवरून 47 वर आला होता. वीज कमी, प्रॉडक्ट (तयार गोडं पाणी) जास्त, त्याचा टीडीएसही (विरघळलेले क्षार) उतरलेला. पॅनलवरचा तरुण ऑपरेटर म्हणाला, "सर, रिकव्हरी थोडी वाढवू का?" म्हणजे तेवढ्याच फीडमधून जास्त गोडं पाणी काढायचं.

मी म्हटलं, आधी एसडीआय घेऊ. पाण्यात मेम्ब्रेन चोंदवणारा गाळ किती आहे, ते सांगणारा हा आकडा.

ही टेस्ट साधीच आहे. फीडचं पाणी 0.45 मायक्रॉनच्या गोल कागदातून ठरावीक दाबाने सोडायचं, 500 मिली भरायला किती सेकंद लागले ते मोजायचं. पंधरा मिनिटं पाणी तसंच चालू ठेवून पुन्हा मोजायचं. कागद जितका चोंदतो तितका दुसरा वेळ वाढतो, आणि या दोन वेळांवरून एसडीआयचा आकडा निघतो. तीनच्या आत असलं तर छान. पाचच्या वर मेम्ब्रेनला पाणी द्यायचंच नाही. त्या रात्री पहिल्यांदा 22 सेकंद लागले, नंतर 84. म्हणजे 4.9. अजून मर्यादेत.

पण कागद चिमट्याने उचलला आणि पोटात खड्डा पडला. एरवी फिकट पिवळसर डाग असतो. हा चहाच्या गाळासारखा तपकिरी होता, बोट लावलं तर बुळबुळीत, आणि वास सरळ खाडीच्या चिखलाचा.

तेवढ्यात इनटेकवरून, जिथून खाडीचं पाणी उचलतो तिथून, कोळीकाका भिजत आले. ट्रॉम्बे कोळीवाड्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी कागद बघितला.

"साहेब, उधाणाची ओहोटी लागलीय. वरच्या खाडीचा सगळा गाळ आता आपल्या तोंडावरून जाणार. सकाळपर्यंत असंच."

"आणि भरती?"

"तिथीची पाऊणपट करा. अमावास्येची पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा, ती भरतीची वेळ. आपल्याकडे थोडी उशिराच भरते. साडेदहाला पाणी बघा, बाहेरचं आलेलं असेल."

चारला पुन्हा टेस्ट घेतली. 23 सेकंद, मग 230. एसडीआय 6. मेम्ब्रेनच्या आधीच्या कार्ट्रिज फिल्टरचा डीपीही, म्हणजे दोन टोकांमधला दाबाचा फरक, चढायला लागला होता. फिल्टर चोंदला की तो वाढतो. पॅनलवर मात अजूनही सगळं हिरवं. पाणी गोडसर झाल्यामुळे प्रॉडक्ट वाढलेलं, त्यात चोंदणारी मेम्ब्रेन झाकली जात होती. महिनाभरातला सगळ्यात चांगला दिसणारा लॉगशीट त्या रात्रीचा होता, हे मला आजही अस्वस्थ करतं.

इनचार्जना फोन लावला. ते झोपेतून उठून भडकले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. टाकीत सात तासांचं पाणी, बॉयलर बंद पडला तर सकाळी उत्तर त्यांनाच द्यायचं. "पाच-सहा एसडीआयने लगेच काय होतंय?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "सर, गाळ एकदा आत बसला की धुवून पूर्ण निघत नाही." शेवटी म्हणाले, "कर बंद. भरतीला चालू झालाच पाहिजे."

सव्वाचारला एचपी पंप थांबवला. लगेच प्रॉडक्टच्या पाण्याने फ्लशिंग केलं. आत खारं पाणी तसंच ठेवून चालत नाही.

मग सहा तास वाट बघणं. मनोरीला महापालिकेचा रोज 200 दशलक्ष लिटरचा, पुढे 400 पर्यंत वाढवता येईल असा प्रकल्प ठरला, तेव्हापासून ओळखीचे लोक मला घनमीटर पाण्याला वीज किती लागते हे विचारतात. बरोबर आहे, विजेची तीन-चार युनिट लागतातच. पण मला वाटतं पहिला प्रश्न पाणी उचलायच्या जागेचा असावा. आत येणारं पाणी कसं आहे, त्यावर मेम्ब्रेन किती वर्षं टिकेल ते ठरतं.

आठला शिफ्ट सुटली, मी घरी गेलो नाही. कार्ट्रिज उघडली. पांढरं सूत ओल्या मातीच्या लेपाने भरलं होतं. बदलली.

दहा वीसला टेस्ट घेतली: 21 सेकंद, मग 38. तीनला जेमतेम खाली. कागदावर फिकट पिवळा डाग. काकांना दाखवला, ते नुसते हसले. साडेदहाला पंप चालू केला तेव्हा टाकीत तासाभराचं पाणी उरलं होतं. मेम्ब्रेनचा डीपी आदल्या दिवशी होता तेवढाच आला.

तिन्ही कागद वाळवून मी लॉगबुकात चिकटवले आहेत. पॅनल रूममधल्या कॅलेंडरवर आता काका महिन्याच्या सुरुवातीलाच अमावास्या-पौर्णिमेभोवती लाल गोल करतात. पावसाळ्यात त्या दिवसांची टाकी आदल्या भरतीला काठोकाठ भरून ठेवतो.