जेरारमेचं तळं आणि अडकलेला दाखला

‘आं कोंपेतिसियों’. म्हणजे ‘स्पर्धेत’. हे दोन फ्रेंच शब्द शर्यतीसाठीच्या डॉक्टरी दाखल्यावर नव्हते, म्हणून 2019 साली माझे सहा आठवडे गेले. फ्रान्सला धावायला निघालेलं कुणी भेटलं की अजूनही मी आधी या दोन शब्दांचं सांगते, तळ्याचं मागाहून.

मी इचलकरंजीची, कापडाच्या धंद्यातली. फ्रान्सच्या पूर्वेला व्होज नावाचे डोंगर आहेत, त्यात जेरारमे हे गाव. लिहिताना शेवटी ‘र’ येतो, पण तिथे तो कुणी उच्चारत नाही. चादरी, टॉवेल, टेबलावर अंथरायचं कापड यासाठी हा मुलूख जुना नावाजलेला. तिथल्या एका कारखान्यात मागांच्या कामासाठी मी मार्च ते ऑगस्ट राहिले. व्हिसा, घर, बँक सगळं कंपनीनं पाहिलं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. गावापर्यंत आगगाडी नाही. पॅरिसहून रेमिरमाँपर्यंत रेल्वे आणि पुढे बस.

तळं साधारण 660 मीटर उंचीवर आहे. हिमनदीनं कोरलेलं, 115 हेक्टरचं, व्होजमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. भोवती एक फेरी मारली की साडेसहा किलोमीटरच्या आसपास होतात. गावाकडच्या बाजूला बोटी, हॉटेलं, सपाट रस्ता. पलीकडे झाडीतली वाट, आणि तिथे मुळं पायात येतात. मार्चमध्ये सावलीत बर्फ टिकून होतं. पहिल्या दिवशी मी आपल्याकडच्या डांबरी रस्त्याच्या बुटांत गेले आणि दोनदा घसरले. खाचांच्या तळव्याचे बूट घ्या, हे पहिल्याच दिवसाचं शिक्षण.

एप्रिलमध्ये कुरणांत पिवळी रानफुलं आली. तिकडे त्यांना जोंकी म्हणतात. दोन वर्षांतून एकदा या फुलांनी रथ सजवून गावात मिरवणूक काढतात. त्याच सुमाराला कारखान्यातल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं, जूनमध्ये जवळच एक डोंगरी शर्यत आहे, नाव घाल. मी त्याच रात्री नाव घातलं, पैसे भरले. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या संकेतस्थळावर माझ्या नावापुढे लाल अक्षरं: कागदपत्रं अपुरी.

त्या काळी फ्रान्समध्ये ॲथलेटिक्स महासंघाचा परवाना नसलेल्या प्रत्येकाला शर्यतीसाठी डॉक्टरांचा दाखला लागायचा, शर्यतीच्या दिवशी एक वर्षाच्या आतला. धावायला हरकत नाही, असा. मी इचलकरंजीला आमच्या डॉक्टरकाकांना फोन केला. ते मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी तासाभरात इंग्रजीत लिहून, सही-शिक्का करून फोटो पाठवला. ‘शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त’. मी तो चढवला. पाच दिवसांनी पुन्हा लाल. कारण लिहिलेलं नाही. ईमेल केली, तर ‘नियम पाहावेत’ एवढंच एका ओळीचं उत्तर.

नियम तीन पानांचे, सगळे फ्रेंचमध्ये. सहकारी बाईंनी जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून वाचून दाखवले. दाखल्यात ‘धावणे’ हा शब्द हवा. मग काकांनी दुसरा दाखला लिहिला, खाली आम्ही फ्रेंच मजकूर जोडला, काकांनी त्यावरही सही केली. पुन्हा पाच दिवस. पुन्हा लाल, पुन्हा कारण नाही.

मला खरंच रडू आलं. कुणीतरी पाच दिवस तो कागद घेऊन बसतं, उघडतं, नाकारतं, पण कशासाठी नाकारला हे एका शब्दानं लिहीत नाही. मी शर्यतीच्या आयोजकांना फोन लावला. सकाळी कुणी उचलत नव्हतं, बारा ते दोन जेवणाची सुट्टी. दोननंतर लागला. पलीकडच्या बाईंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “मादाम, यात ‘आं कोंपेतिसियों’ नाही.” धावायला हरकत नाही हे आहे, पण स्पर्धेत धावायला हरकत नाही हे नाही. आणि त्याच दमात, “तुम्ही इथे राहताय तर इथल्याच डॉक्टरांचा आणा, बरं पडेल.” हे पहिल्या ईमेलला सांगितलं असतं तर?

आता इथला डॉक्टर. गावातल्या दोन दवाखान्यांनी सांगितलं, नवे रुग्ण घेत नाही. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत डॉक्टर कमी पडतात हे मी ऐकून होते, त्या आठवड्यात अनुभवलं. तिसऱ्या ठिकाणी, शेजारच्या गावात, बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. म्हणून सांगते, नाव घालायच्या आधी डॉक्टरांची वेळ घ्या.

त्या बारा दिवसांत मी जेवढी धावले तेवढी आयुष्यात धावले नव्हते. संध्याकाळी साडेपाचला कारखान्यातून सुटायचं आणि थेट निघायचं. मे संपताना नऊनंतरही उजेड असतो. व्होलोन नदीवर सो दे क्यूव नावाचा धबधबा आहे, ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या दगडांतून पाणी उड्या मारत खाली येतं. तिथून नदीकाठच्या वाटेनं पाँ दे फे या जुन्या दगडी पुलापर्यंत जायचं. फे म्हणजे परी. वाट ओली असते, दगडांवर शेवाळ, वेग धरता येत नाही; पण डोक्यातला राग उतरवायला मला याहून चांगली वाट सापडली नाही.

सुट्टीच्या दिवशी लाँजमेर. हे दुसरं तळं, लांबट, जेरारमेपेक्षा वर आणि शांत. त्याच्याही वर रतूर्नमेर, अगदी छोटं, चारी बाजूंनी उंच झाडी. दोन्ही मिळून एक सकाळ पुरते. पाय राजी असतील तर रोश द्यु द्याब्लवर चढा, म्हणजे सैतानाचा खडक. तिथून दोन्ही तळी एका नजरेत दिसतात. जेरारमेचं तळं वरून पाहायचं तर मेरेलचा मनोरा. मी तिथे पहिल्यांदा पोचले तेव्हा खाली तळ्यावर ढगाची सावली सरकत होती. दम लागलेला होता तरी मी घरी आईला व्हिडिओ कॉल लावला. “पन्हाळ्यावरनं दिसतंय तसं दिसतंय की गं,” आई म्हणाली.

वाट चुकण्याची भीती वाटत असेल तर झाडांकडे बघत धावा. व्होज क्लब ही 1872 पासूनची संस्था, तिचे स्वयंसेवक खुणा रंगवतात: लाल, निळे, पिवळे, हिरवे आयत, फुल्या, त्रिकोण, कडी. कडं दिसलं की ती वाट फिरून सुरुवातीला येणारी. लाल आयत म्हणजे डोंगरधारेवरून जाणारी लांब पल्ल्याची वाट, ती 1363 मीटरच्या ओनेकवर नेते. तिकडे मी ऑगस्टमध्ये गेले. वर झाडं नाहीत, नुसती कुरणं, आणि वारा असा की टोपी धरून धावावं लागतं.

डॉक्टरांकडचा दिवस आला. वयस्क, शांत गृहस्थ. छाती तपासली, रक्तदाब घेतला, मग मला पंचेचाळीस सेकंदांत तीस उठाबशा काढायला लावल्या. आधी नाडी, लगेच नाडी, एका मिनिटानं पुन्हा नाडी. तिकडे ही जुनी रीत आहे. आकडे पाहून ते हसले, “तुमचं हृदय उत्तम आहे.” पंचवीस युरो झाले, अशा दाखल्याचे पैसे सरकारी विम्यातून परत मिळत नाहीत. त्यांनी कागद लिहून दिला, शिक्का मारला. मी उठले, दारापाशी जाऊन वाचला. ‘धावणे’ होतं. पुढे काहीच नव्हतं.

मी परत फिरले. माझं फ्रेंच मोडकंतोडकं, तरी ते दोन शब्द मी महिनाभर पाठ केले होते. “मस्यू, आं कोंपेतिसियों लिहाल का?” त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि शेजारी खाडाखोड न करता सबंध दाखला नव्या कागदावर पुन्हा लिहिला. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते. पेननं मागाहून घुसडलेला शब्द पुन्हा लाल ठरला असता, हे त्यांना माझ्याआधी कळलं. दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी दाखला तिथेच, उभ्यानं, शब्द न् शब्द वाचा. ही एक गोष्ट ऐकाच.

चार दिवसांनी हिरवी अक्षरं आली, मुदत संपायला दोन दिवस उरले असताना.

2024 पासून हे बदललं आहे. परवाना नसलेल्या प्रौढांना आता डॉक्टरांकडे जावं लागत नाही. महासंघाच्या संकेतस्थळावर तब्येतीच्या धोक्यांविषयीचे छोटे व्हिडिओ पाहायचे, मान्य करायचं, आणि मिळालेला क्रमांक नाव नोंदवताना द्यायचा. त्याची मुदत शर्यतीच्या दिवसापर्यंत पुरते ना, तेवढं पाहा. मला हे ऐकून आनंद झाला आणि थोडा रागही आला.

राहिलंच: जंगलातून आल्यावर पाय, गुडघ्यामागची जागा, कंबर नीट तपासा. तिकडे गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. उशिरा जुलैत गेलात तर रानातली ब्लूबेरी पिकलेली असते. तिला तिकडे ब्रँबेल म्हणतात, तिचा टार्ट खाल्ल्याशिवाय येऊ नका.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी क्रमांक घ्यायला गेले. टेबलामागच्या मुलानं मूळ कागद मागितला आणि ओळीवरून बोट फिरवत वाचत गेला. बोट शेवटच्या दोन शब्दांवर थांबलं. त्यानं मान हलवली, चार पिना आणि क्रमांक माझ्या हातात दिला. मी तो तिथेच बनियनला लावला आणि बस न पकडता तळ्याच्या काठानं चालत घरी गेले.