तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांत विचित्र मोटरसायकल कोणती?

माझ्या फोनमध्ये माणसांपेक्षा मोटरसायकलींचे फोटो जास्त आहेत, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या पाहून लोक आधी हसतात. फोन कुणाच्या हातात गेला की पहिला प्रश्न ठरलेला, "हे काय आहे?" आणि पाठोपाठ दुसरा, "यातली सगळ्यांत विचित्र कुठली?" पहिल्याचं उत्तर फोटोगणिक बदलतं. दुसऱ्याचं बरीच वर्षं बदललेलं नाही: मेगोला.

जर्मनीत म्युनिक इथे १९२१ ते १९२५ या काळात ही गाडी बनली, सुमारे दोन हजार नग. फोटोत तुम्ही इंजिन शोधायला जाता आणि नेहमीच्या जागी ते नसतंच. ते पुढच्या चाकात आहे. स्पोकांच्या मधोमध पाच सिलेंडर, चांदणीच्या पाच टोकांसारखे. बरं, ते नुसते तिथे बसवलेले नाहीत, तेही फिरतात. चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाचे सहा होतात. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची इंजिनं अशीच स्वतःभोवती गरगरत असत, तीच कल्पना इथे चाकात आली.

यात फायदा काय? चेन नाही, पट्टा नाही, गिअरबॉक्स नाही. सिलेंडर सतत वाऱ्यात फिरत असल्याने थंड राहतात. वजन जमिनीलगत येतं. कागदावर बघाल तर सगळं कसं छान. मग घोडं पेंड कुठे खातं? गिअरबॉक्स नाही म्हणजे गिअर नाहीत, आणि क्लचही नाही. चाक थांबलं की इंजिन थांबलं. समोर रस्ता अडला तर दोनच पर्याय: इंजिन बंद पडू द्यायचं, नाहीतर मोकळी जागा बघून तिथल्या तिथे गोल गोल चकरा मारत राहायचं. पुन्हा चालू करायचं म्हणजे गाडी स्टँडवर घेऊन पुढचं चाक हाताने फिरवायचं, किंवा धक्का मारत पळायचं आणि इंजिनाने दम धरला की टांग टाकायची. पेट्रोलची मोठी टाकी मागे अंगात लपवलेली, इंजिनाजवळ एक छोटी, आणि मोठीतलं पेट्रोल छोटीत आणायला हातपंप. हे सगळं चालवणाऱ्यानेच सांभाळायचं.

माझा जीव मात्र तिच्या ट्यूबवर आहे. पुढचं चाक पंक्चर झालं तर ट्यूब काढायला चाक काढावं लागणार, आणि चाकात तर अख्खं इंजिन. म्हणून त्यांनी ट्यूब कड्यासारखी बंद न ठेवता पडवळासारखी केली: लांब, दोन्ही टोकं बंद. टायर एका बाजूने उचकटायचा, पडवळ ओढून काढायचं, दुसरं भरायचं. चाक जागेवरच. ज्या माणसांनी क्लचशिवाय गाडी विकायला काढली, त्यांनीच पंक्चरचा इतका बारीक विचार केला होता! त्यांना वेडं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९२४ साली टोनी बाऊहोफर हा शर्यतपटू या गाडीवर मोटरसायकल शर्यतींत जर्मनीचा विजेता ठरला, म्हणजे पळायलाही ती लेचीपेची नव्हती.

या असल्या गाड्यांचं मला कळलेलं गुपित हेच. त्या मूर्खांनी बनवलेल्या नसतात. कुणीतरी एखादी अडचण मुळापासून सोडवलेली असते, आणि ती सोडवताना उरलेल्या सगळ्या अडचणी गुपचूप चालवणाऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या असतात.

मेगोलाच्या आधी म्युनिकमध्येच असं एकदा झालं होतं. १८९४ साली हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची गाडी आली. कारखान्यात संख्येने बनून विकली गेलेली ही पहिली मोटरसायकल. इंजिन १४८९ सीसीचं. आजच्या चारचाकीला पुरेल एवढं, पण ताकद जेमतेम अडीच हॉर्सपॉवर. वाफेच्या रेल्वे इंजिनाला असतात तशा दांड्या पिस्टनपासून थेट मागच्या चाकाला जोडलेल्या. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक, वेगळं नाहीच, मागचं चाक हेच फ्लायव्हील. पिस्टन परत मागे जायला जोर कमी पडतो, म्हणून मदतीला जाडजूड रबरी पट्टे. मागचं मडगार्ड पोकळ, त्यात इंजिन थंड करायचं पाणी. क्लच? तोही नाही. क्लचवर म्युनिककरांचा काही जुना राग असावा.

त्याआधीची, १८८५ सालची डाइमलर आणि मायबाख या जर्मन इंजिनिअरांची लाकडी गाडी तुम्ही कधीतरी चित्रात पाहिली असेल. दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं, लहान मुलांच्या सायकलला असतात तशी. इंजिन सीटच्या बरोबर खाली, आणि पेट्रोल पेटवायला तापून लाल झालेली नळी. पहिल्या फेरीतच सीटने पेट घेतला असं सांगतात. मोटरसायकलचा इतिहास असा बुडाला आग लागून सुरू झाला.

आता मी ज्यात अडकतो तो भाग. माझ्या स्वतःच्या गाडीच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गेलं होतं. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं ते जायचंच. चकचकीत नळीवर तेलाचे ओघळ, त्यावर धुळीचा थर. मेकॅनिकने शॉकअप उलटा केला, तर ट्रेमध्ये काळपट करडं पाणी पडलं, त्याला तेल म्हणवेना. ते बघताना पहिल्यांदा जाणवलं की या दोन नळ्यांकडून आपण तीन कामं एकदम करून घेतो. खड्डा झेलायचा, वळायचं आणि ब्रेकचा सगळा जोरही सोसायचा. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, शॉकअप दबतो, आणि नेमका तेव्हाच खड्डा आला तर झेलायला जागा उरत नाही.

ही तीन कामं वेगळी करायचा ध्यास इंजिनिअरांनी शंभर वर्षं सोडलेला नाही. नेराकार नावाची अमेरिकन गाडी १९२१ च्या सुमारास निघाली. कार्ल नेराकर या रचनाकाराचं नाव आणि 'नियर अ कार', म्हणजे 'मोटारीच्या जवळपास', अशी इंग्रजीतली कोटी, दोन्ही एकाच नावात. तिला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या त्या दोन नळ्या, नाहीत. पुढचं चाक आडव्या चौकटीत धरलेलं, आणि वळण्याचा सांधा चाकाच्या पोटात, हबमध्ये. पुढे १९९० च्या सुमारास बिमोटा या इटालियन कंपनीने टेसी आणली, तीही याच तत्त्वावर. टेसी म्हणजे इटालियनमध्ये प्रबंध. पिअरलुइजी मार्कोनी यांचं विद्यापीठातलं कामच रस्त्यावर आलं होतं. यामाहाने १९९३ मध्ये जीटीएस १००० ला पुढेही स्विंगआर्म लावला, म्हणजे मागच्या चाकाला असतो तसा वर-खाली हलणारा आडवा दांडा. ब्रेक मारला की नाक खाली जाण्याची खोड बरीच गेली. पण हँडल आणि चाक यांच्यामध्ये दांड्या आणि सांधे वाढले, रस्ता हातात 'कळेना', आणि किंमत चढली. साध्या नळ्या स्वस्तात बऱ्यापैकी काम करतात, तर लोक कशाला बदलतील? माझं मत विचाराल तर नळ्या जिंकल्या त्या सवयीच्या जोरावर. तुमचं मत वेगळं असू शकतं.

होंडाचा वेडेपणा नियमातून आला. पाचशे सीसीच्या ग्रां प्रीमध्ये, म्हणजे जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत, चारपेक्षा जास्त सिलेंडर चालत नसत, आणि टू-स्ट्रोक गाड्या पुढे पळत होत्या. होंडाला फोर-स्ट्रोकच हवी होती, पण तिच्या सिलेंडरमध्ये पेट्रोल टू-स्ट्रोकच्या निम्म्या वेळाच पेटतं, म्हणजे बरोबरी करायला सिलेंडर जास्त हवेत. आठ सिलेंडर चालत नाहीत? मग दोन-दोन जोडून चार करू! १९७९ च्या एनआर ५०० मध्ये पिस्टन गोल नव्हते, लांबट होते, प्रत्येकाला दोन कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा जोर पुढे पोचवणाऱ्या दांड्या) आणि आठ व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा). एकूण बत्तीस. पिस्टनभोवतीची रिंग सिलेंडरची फट बंद ठेवते, आणि गोल पिस्टनला ती सगळीकडे सारखी दाबली जाते. लांबट पिस्टनला ती नीट बसवणं म्हणजे इंजिनिअरांची झोप उडवणं. सिल्व्हरस्टोनच्या पहिल्या शर्यतीत दोन्ही गाड्यांना शर्यत पुरी करता आली नाही, आणि पुढेही या गाडीने एकही ग्रां प्री जिंकली नाही. होंडा शेवटी तीन सिलेंडरच्या टू-स्ट्रोकवर आली, आणि १९८३ मध्ये फ्रेडी स्पेन्सर तिच्यावर विश्वविजेता झाला. तरी १९९२ मध्ये लांबट पिस्टनची ७५० सीसी गाडी होंडाने रस्त्यासाठी काढलीच. याला हट्ट म्हणतात, आणि मला तो आवडतो.

तोफ लावलेल्या व्हेस्पाचा फोटो मला दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. ती खरी आहे, १९५० च्या दशकात फ्रेंच सैन्यासाठी बनलेली. पण चालत्या स्कूटरवरून तोफ डागायची नसे, ती उतरवून तिकाटण्यावर ठेवत. डॉजची २००३ सालची टॉमाहॉकही येते: चार चाकं, दहा सिलेंडरचं ८.३ लिटर इंजिन, पाचशे हॉर्सपॉवर. ती मी विचित्रांत धरत नाही. तिने कुठलीच अडचण सोडवलेली नाही, नुसतं इंजिन मोठं आहे. चेकोस्लोव्हाकियाची बोमरलांड मात्र धरतो. तीन मीटरहून लांब, पेट्रोलच्या टाक्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आणि कारखान्यातूनच ट्रिपल सीट.

यानंतर हमखास येणारा तिसरा प्रश्न: "चालवायला मिळाली तर कुठली घ्याल?" मेगोला नाही. ती पाहायची गाडी, आणि चौकात चकरा मारायचं माझं वय गेलं. मी नेराकार घेईन. १९२२ मध्ये कॅननबॉल बेकर हा लांब पल्ल्याच्या विक्रमांसाठी गाजलेला अमेरिकन चालक तिच्यावरून न्यू यॉर्कहून लॉस एंजेलिसला गेला, म्हणजे टिकेल. सीट इतकी खाली की टांग मारावी लागत नाही, पाय पुढे पसरून बसायचं. पावसाळ्यात पँट स्वच्छ राहावी म्हणून पुढचं मडगार्ड ताटाएवढं रुंद. आणि हो, क्लच आहे.