मुंबई ते दाबोळी : कानांनी केलेला प्रवास

मुंबईहून गोव्याला परतताना आम्ही गोवेकर रात्रीच्या बसमध्ये झोपतो आणि कोकण रेल्वेत बोगदे मोजतो. विमानात मात्र बहुतेकजण पट्टा लावला की मोबाइलमध्ये तोंड खुपसतात. मला हे जमत नाही, कारण या मार्गावर रिकामा वेळ असा नसतोच. हवाई अंतर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर. तिकिटावर सव्वा तास छापलेला असला तरी विमान हवेत असते ते तासाच्या आतबाहेर. त्यातली वीसेक मिनिटे चढण्यात जातात आणि तेवढीच उतरण्यात. मधला सपाट भाग एक कप चहा संपेपर्यंतचा.

जागा निवडताना मी ‘एफ’ शोधतो, म्हणजे उजवीकडची खिडकी. या मार्गावर बहुधा एअरबस ए-३२० असते. तिच्या साधारण नवव्या ते विसाव्या रांगेपर्यंत खाली पाहिले की पंखच दिसतो. कोकणचा किनारा पाहायचा तर पहिल्या सात-आठ रांगा घ्याव्यात किंवा अगदी मागच्या.

विमान मागे ढकलले जाऊ लागले की एसीचा आवाज एकाएकी बंद होतो आणि आत उकडायला लागते. बिघाड नसतो. शेपटीत एक छोटे सहायक इंजिन असते. त्याची दाबाखालची हवा एसीलाही लागते आणि मुख्य इंजिने फिरवायलाही. इंजिन सुरू होईपर्यंत एसीला थांबावे लागते. ए-३२० च्या नव्या इंजिनांच्या ‘निओ’ प्रकारात हे जरा लांबते. एसी परत चालू झाला की पावसाळ्याच्या दिवसांत डोक्यावरच्या फटींतून पांढरे लोट येतात. नवखे प्रवासी एकमेकांकडे बघतात, पण तो धूर नव्हे. आतल्या दमट हवेत थंड झोत शिरला की धुके धरते. मे महिन्यात फ्रिजचे दार उघडल्यावर दिसते तेच.

याच सुमारास मधल्या रांगांत पायाखालून घुर्र-घुर्र असा आवाज येतो. कुणाला ती करवत वाटते, कुणाला कुत्र्याचे भुंकणे. ए-३२० मध्ये हिरवी, पिवळी आणि निळी अशा नावांच्या तीन हायड्रॉलिक, म्हणजे दाबाखालच्या द्रवावर चालणाऱ्या, व्यवस्था असतात. एकच इंजिन चालू असताना हिरव्या आणि पिवळ्या व्यवस्थांच्या दाबांत ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला, की एका बाजूचा दाब वापरून दुसरीला जोर देणारे एक यंत्र आपोआप चालू होते. त्याची जागा चाकांच्या कप्प्याजवळ, म्हणून सर्वांत पुढे बसलेल्याला हे भुंकणे फारसे कळत नाही. इंधन वाचवायला धावपट्टीपर्यंत एकाच इंजिनावर जाण्याची पद्धत आहे, त्यामुळे उतरल्यानंतरही हा आवाज पुन्हा भेटतो.

उड्डाणानंतर पहिला धप्प आवाज चाके पोटात गेल्याचा. जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा आवाज उतरतो, पोटात खड्डा पडतो आणि विमान खाली चालले की काय असे वाटते. ते चढतच असते. पूर्ण जोराची गरज संपल्यामुळे वैमानिक ठरल्याप्रमाणे जोर कमी करतात. चढण थोडी मंदावते, तर आपल्या कानातला तोल तिलाच घसरण समजतो. तेव्हा खिडकीतून क्षितिजाकडे पाहावे, खड्डा बुजतो.

खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला सुईने पाडल्यासारखे एक छिद्र असते. खिडकीला तीन तावदाने असतात. दाब पेलते बाहेरचे, मधले राखीव, आतले फक्त आपल्या कोपरांपासून वाचवायला. छिद्र मधल्या तावदानाला असते. त्यातून दाब सारखा होत राहतो आणि काचेवर वाफही धरत नाही. बोटाने ते बुजवायचा प्रयत्न करणारी मुले मी पाहिली आहेत. बोट आतल्या तावदानापलीकडे जातच नाही.

तीस हजार फुटांवरून उतरायचे तर साधारण नव्वद सागरी मैल आधी सुरुवात करावी लागते, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. सरळ रेषेत मोजले तर ही जागा रत्नागिरीजवळ येते. पेला गोळा करायला कर्मचारी येतात तोवर उतरण सुरू झालेली असते! हवा स्वच्छ असेल तर उजवीकडे मालवणजवळ पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो, मग तेरेखोल नदी, आणि गोवा लागला.

कान दुखायचे ते इथे. चढताना कानातली हवा आपसूक बाहेर सुटते. उतरताना ती आत घ्यावी लागते आणि घशाकडची नळी गिळल्याशिवाय नीट उघडत नाही. दुखेपर्यंत थांबू नये, इंजिनांचा आवाज मंदावला की आवंढे गिळायला लागावे. तान्ह्या बाळाला याच वेळी दूध पाजावे. नाक धरून फुंकायचे तर हळू. सर्दीने नाक पूर्ण चोंदलेले असेल तर खरे म्हणजे त्या दिवशी रेल्वेच बरी.

दाबोळी विमानतळावर वारा बहुधा समुद्रावरून येतो, म्हणून विमाने पूर्वेकडून येऊन पश्चिमेला तोंड करून उतरतात. फोंड्याच्या बाजूने वळण घेतले की खाली झुआरी, तिच्या काठची खाजन शेते आणि त्यांचे बांध, मधेच चिरेखाणीचे लाल चौकोन. उजवीकडे कुठ्ठाळीचा नवा केबलचा पूल दिसतो आणि धडामकन चाके बाहेर येतात. इथून जमीन दोन-तीन मिनिटांवर. रात्रीच्या वेळी आतले दिवे मंद करतात. एकाएकी बाहेर पडावे लागले तर डोळे अंधाराला सरावलेले असावेत, हे त्याचे कारण.

पावसात विमान जरा आपटल्यासारखे टेकले की मागून कुणीतरी वैमानिकाची अक्कल काढतेच. ओल्या धावपट्टीवर मऊ टेकणे हे कौशल्य नव्हे. चाके पाण्याच्या थरावर तरंगली तर ब्रेक लागत नाहीत, म्हणून ती मुद्दाम ठामपणे टेकवतात. त्याच क्षणी पंखावरच्या फळ्या उभ्या राहतात आणि पंखांची उचल मोडून सगळे वजन चाकांवर टाकतात. आणि टेकता टेकता विमान गर्जना करून परत वर गेले, तर तीही नेहमीच्या सरावातली गोष्ट. मुंबईची एक फेरी मारल्यासारखे वाटते, पण बहुधा पंधरा-वीस मिनिटांत परत रांगेत लागते.

दाबोळी हा नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात. नशीब असले तर मिग-२९के किंवा पी-८आय विमान दिसते. डोळे भरून पाहावे, मोबाइल खिशात ठेवावा. इथे फोटो काढायला बंदी आहे.

थांबल्यावर पाण्याची रिकामी बाटली पाहा. वर असताना झाकण लावले असेल तर ती आता चेपलेली असते. वरच्या विरळ हवेवर खालच्या हवेचा दाब पडला. पुन्हा मुंबईला जाताना हेच उलटे होते. सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब असतो आणि कोकमाच्या आगळाच्या बाटलीत राहिलेली हवा वर गेल्यावर पाव ते तिसऱ्या हिश्शाने फुगू पाहते. झाकण जरा जरी सैल असले तर पांढरे कपडे गेले. बाटली प्लॅस्टिकची घ्यावी, काठोकाठ भरावी, झाकण लावण्याआधी किंचित दाबून हवा काढावी. तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण फिरवावे, वरून टेप, आणि दोन पिशव्या. एक पिशवी पुरते म्हणणाऱ्याचे ऐकू नये.