तिरक्या अक्षरांची चाल

इटॅलिकचं बटण दाबलं की इंग्रजी अक्षरं तिरकी होतात, एवढीच बहुतेकांची समजूत. गॅरामॉन्डसारखा जुन्या वळणाचा टाइप घेऊन जरा निरखून बघा. उभ्या टाइपातला दुमजली 'ए' इटॅलिकमध्ये एकमजली होतो, 'एफ' ओळीखाली पाय सोडून बसतो आणि 'अँड'चं चिन्ह लग्नाला निघाल्यासारखं नटतं. ही उभीच अक्षरं वाकवलेली नव्हेत. तिरकेपणा हा इटॅलिकचा सगळ्यात किरकोळ गुण आहे, असं माझं ठाम मत.

कारण हा टाइप हाताच्या लिखाणातून आला. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचा निकोलो निकोली आणि त्याच्यासारखे विद्वान लॅटिन ग्रंथ झरझर उतरवून घेत. लेखणी फार न उचलता लिहायचं ते वळण. व्हेनिसच्या आल्दुस मानुत्सिउसने ते छापखान्यात आणलं. फ्रांचेस्को ग्रिफोने ठसे कोरले आणि १५०१ साली लॅटिन कवी व्हर्जिलची काव्यं अथपासून इतिपर्यंत याच टाइपात, हातात मावेल अशा आकारात निघाली. मोठी अक्षरं तेवढी ताठ उभी! व्हेनिसच्या सेनेटने आल्दुसला मक्ता दिला, तरी फ्रान्समधल्या ल्योंच्या छापखान्यांनी नकला मारल्याच.

म्हणजे सुरुवातीला इटॅलिक स्वतंत्र नांदत होतं. उभ्या टाइपाच्या घरी ते नंतर आलं, आणि आता ग्रंथांची नावं, परके शब्द, गणितातला 'एक्स', आंब्याचं 'मँजिफेरा इंडिका' ही सगळी कामं त्याच्याकडे. जोर द्यायचंही. त्यातून गंमत होते. किंग जेम्स बायबल या इंग्रजी भाषांतराच्या नेहमीच्या छापील प्रतींत, मुळात नसलेले पण अर्थासाठी घातलेले शब्द इटॅलिकमध्ये असतात. त्यात एक म्हातारा मुलांना गाढवावर खोगीर घालायला सांगतो. 'आणि त्यांनी त्याच्यावर घातलं.' यातला 'त्याच्यावर' इटॅलिक. कुणी तो जोर देऊन वाचला, तर खोगीर थेट म्हाताऱ्याच्या पाठीवर!

आपल्याकडे देवनागरी तिरकी करतात ती नुसती ढकलून. काने एका बाजूला कलतात, शिरोरेघ मात्र जागची हलत नाही. बिचारा शब्द दांडीला वाळत घातल्यासारखा दिसतो. खरं तर लेखणी न उचलता लिहायची मोडी आपल्याकडे होतीच. तिचे खिळेही पडले. विल्यम केरीच्या १८१० सालच्या मराठी कोशात मोडी आहे. पण बाळबोधाच्या, म्हणजे देवनागरीच्या, ओळीत, शेजारी बसून जोडीदाराचं काम करायला तिला कुणी बोलावलं नाही. संगणकावरच्या लिप्यांच्या युनिकोड या प्रमाणसंचात २०१४ पासून मोडी आहे, तेव्हा बाळबोध मजकुरात एखादा शब्द मोडीत टाकून बघायला आता अडचण नाही. तो वाचणार कोण, एवढाच प्रश्न.